सैनिकी वारसा आणि धर्मादाय द्रव्य : एक आढावा

रणांगणावर पराक्रम केलेल्या पलटणींच्या स्मृती जतन करण्याचे कर्तव्य कोणाचे, हा प्रश्न वरकरणी सोपा भासतो. कारण ज्या राज्यसत्तेसाठी सैनिक लढला, तिनेच त्याचे निशाण, त्याची पदके, त्याच्या रोजनिश्या आणि त्याची शस्त्रे सांभाळावीत, असे उत्तर कोणीही सहज देईल. परंतु गेल्या शंभर वर्षांचा अनुभव निराळा आहे. राज्यकर्त्यांची तिजोरी ही प्रायः हयात सैन्यासाठी उघडते. जे सैन्य विसर्जित झाले, जी पलटण दुसरीत विलीन झाली, जी नौका निवृत्त झाली, तिच्या स्मृतीसाठी अंदाजपत्रकात तरतूद करताना प्रत्येक सरकारचा हात आखडतो. ही पोकळी काही अंशी निवृत्त सैनिकांच्या वर्गणीने आणि फार मोठ्या अंशी धर्मादाय प्रतिष्ठानांनी भरून काढली आहे. त्यांनी ती कशी भरून काढली, त्यात त्यांना कोठे यश आले, कोठे त्यांची दृष्टी तोकडी पडली आणि त्यांच्या अनुभवातून महाराष्ट्राने काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात योजिला आहे. या व्यवस्थेचा सर्वांत प्रदीर्घ इतिहास ब्रिटनमध्ये सापडतो, म्हणून आरंभ तेथूनच करणे इष्ट होईल.

ब्रिटिश पायदळाची पुनर्रचना १८८१ साली झाली आणि बहुतेक पलटणी निरनिराळ्या परगण्यांशी नावाने व भरतीने जोडल्या गेल्या. त्यामुळे पलटणीचा इतिहास हा त्या परगण्यातील घराघरांचा इतिहास बनला. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहातील चांदीची भांडी, जुने नगारे, जिंकून आणलेली निशाणे, मृत सैनिकांच्या कुटुंबीयांनी विश्वासाने सोपविलेली पदके आणि पत्रे, असा संचय प्रत्येक पलटणीच्या ठाण्यावर हळूहळू साठत गेला व त्यातूनच लहान लहान संग्रहालये उभी राहिली. राष्ट्रीय पातळीवरील इम्पीरियल वॉर म्युझियमची स्थापना पहिले महायुद्ध चालू असतानाच, १९१७ साली, मंत्रिमंडळाच्या ठरावाने झाली आणि लष्कराच्या समग्र इतिहासासाठी नॅशनल आर्मी म्युझियमला राजसनद १९६० साली मिळाली. परंतु परगण्या-परगण्यांतील संग्रहालयांना अशी सनद नव्हती. ती पलटणीच्या आश्रयाने जगत होती आणि पलटणीच्या आयुष्यावरच त्यांचे आयुष्य अवलंबून होते.

हा धोका ज्याने वेळीच ओळखला तो गृहस्थ म्हणजे कर्नल रॉबर्ट ओगिल्बी. दोन्ही महायुद्धांचा अनुभव घेतलेल्या या अधिकाऱ्याची अशी दृढ श्रद्धा होती की, ब्रिटिश सैनिकाचे लढाऊ तेज हे पलटणीविषयीच्या आत्मीयतेतून उपजते आणि ती आत्मीयता पलटणीच्या इतिहासावर पोसली जाते. त्या श्रद्धेपोटी त्याने १९५४ साली आर्मी म्युझियम्स ओगिल्बी ट्रस्ट हा न्यास स्थापन केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५७ मध्ये, संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांची श्वेतपत्रिका प्रसिद्ध होऊन सक्तीच्या लष्करी सेवेचा अंत आणि सैन्यकपात यांचे धोरण जाहीर झाले व अनेक नामांकित पलटणी एकमेकींत विलीन करण्यात आल्या. ज्या पलटणीचे नावच उरले नाही तिच्या नगाऱ्यांची आणि निशाणांची जबाबदारी कोणी घ्यावी, हा प्रश्न त्या वेळी तत्त्वचर्चेचा न राहता रोजच्या कारभाराचा झाला.

ओगिल्बी न्यासाची कार्यपद्धती येथे मुद्दाम नमूद करण्यासारखी आहे. हा न्यास स्वतः संग्रहालये ताब्यात घेत नाही. तो सव्वाशेहून अधिक लष्करी संग्रहालयांच्या पाठीशी सल्लागार, मध्यस्थ आणि प्रसंगी आर्थिक साहाय्यक म्हणून उभा राहतो. वस्तूंची सूची कशी करावी, विश्वस्तपत्र कसे लिहावे, मोठ्या प्रतिष्ठानाकडे अर्ज कसा करावा, दमट हवेपासून लोकरी गणवेश कसे वाचवावेत, अशा विषयांत तो लहान संस्थांना शहाणे करतो. भव्य देणगीचा गाजावाजा त्याच्या वाट्याला येत नाही. परंतु दुसऱ्यांच्या देणग्या सत्पात्री पडाव्यात यासाठी लागणारी पात्रता तो निर्माण करतो, आणि माझ्या मते या समग्र व्यवस्थेत हेच कार्य सर्वांत मोलाचे आहे.

सार्वजनिक द्रव्याची कथा याहून नाट्यमय आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी १९४६ साली, युद्धातील शिल्लक सामग्रीच्या विक्रीतून आलेल्या ५ कोटी पौंडांचा राष्ट्रीय भूमिनिधी उभारला. देशासाठी प्राण वेचलेल्यांचे स्मारक म्हणून या निधीतून देशातील सुंदर स्थळे आणि ऐतिहासिक वास्तू राखल्या जाव्यात, अशी त्यामागची उदात्त कल्पना होती. परंतु निधी सरकारी खात्यात असल्यामुळे त्याचा विनियोग मंदगतीने झाला आणि १९५७ साली सरकारी तिजोरीने त्यातील बहुतांश रक्कम परत ओढून घेतली. पुढे १९७७ मध्ये मेंटमोर येथील वाड्यातील अमोल संग्रह सरकारच्या अनास्थेमुळे लिलावात विखुरला गेला, तेव्हा लोकमत खवळले आणि त्याची परिणती १९८० साली राष्ट्रीय वारसा स्मारक निधीच्या स्थापनेत झाली. हा निधी स्वतंत्र विश्वस्तांच्या हाती देण्यात आला, हा त्यातील खरा धडा होय. १९९४ साली राष्ट्रीय लॉटरी सुरू झाल्यावर तिच्या उत्पन्नातील वारशाचा वाटा याच विश्वस्तांकडे सोपविण्यात आला. लष्करी संग्रहालयांना त्याचा फार मोठा लाभ झाला. नॅशनल आर्मी म्युझियमची चेल्सी येथील इमारत २०१७ साली नूतनीकरण होऊन पुन्हा उघडली, तेव्हा त्या खर्चात लॉटरीच्या वारसा निधीचा वाटा १ कोटी पौंडांहून अधिक होता.

या सार्वजनिक द्रव्याच्या जोडीला खासगी प्रतिष्ठाने उभी आहेत. आयझॅक वुल्फसन या व्यापाऱ्याने १९५५ साली, तर कॅनडातून आलेल्या गारफील्ड वेस्टन या पाव-बिस्किटांच्या कारखानदाराने १९५८ साली आपापले प्रतिष्ठान स्थापन केले. वेस्टन प्रतिष्ठानाची विशेषता अशी की, ज्या कुटुंबाच्या उद्योगसमूहातून त्याचे उत्पन्न येते त्या समूहाच्या मूळ कंपनीचे बहुसंख्य भाग प्रतिष्ठानाच्याच मालकीचे आहेत. म्हणजे दान हे उद्योगाच्या नफ्यातील उरलेसुरले न राहता उद्योगच धर्मादाय कार्याच्या पदरी बांधला गेला आहे. वुल्फसन प्रतिष्ठानाने २००२ पासून सरकारशी बरोबरीचा वाटा घालून संग्रहालयांच्या दालनसुधारणेसाठी एक संयुक्त निधी चालविला आहे. याउलट पुस्तकविक्रेत्या क्रिस्टिना फॉइल यांच्या संपत्तीतून निघालेल्या फॉइल प्रतिष्ठानाने आपले सर्व द्रव्य वाटून टाकून २०२५ साली कारभार आटोपता घेण्याचे ठरविले. चिरस्थायी मूळधन राखून केवळ व्याजातून दान करावे, की एका पिढीतच मूळधनासह सर्व वाटून मोकळे व्हावे, हा वाद दानशूरांच्या वर्तुळात जुना आहे. आणि ज्या संग्रहालयांचे कर्तव्य पिढ्यान्‌पिढ्या चालणारे आहे त्यांच्यासाठी तो केवळ पांडित्याचा विषय नाही.

एका दात्याचा निर्धार काय साधू शकतो, याची दोन ठळक उदाहरणे नौकांच्या संदर्भात आढळतात. ट्रॅफल्गरच्या संग्रामात नेल्सनने ज्या नौकेवर प्राण ठेवला ती ‘व्हिक्टरी’ पोर्ट्‌स्मथच्या गोदीत आजही उभी आहे. २०१२ साली संरक्षण खात्याने ती एका स्वतंत्र न्यासाच्या हवाली केली, तेव्हा मोटारतळांच्या धंद्यात संपत्ती मिळविलेल्या सर डोनल्ड गॉस्लिंग यांच्या प्रतिष्ठानाने अडीच कोटी पौंड दिले आणि संरक्षण खात्याने तितकीच रक्कम त्यात घातली. दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. १९४३ साली सेवेत रुजू झालेली आणि १९७४ साली निवृत्त झालेली ‘इन्ट्रेपिड’ ही विमानवाहू नौका भंगारात जाणार, हे दिसताच झॅकरी फिशर या बांधकाम व्यावसायिकाने १९७८ साली ती वाचविण्यासाठी न्यास स्थापन केला आणि १९८२ साली ती संग्रहालय म्हणून खुली झाली. पुढे तीनच वर्षांत, १९८५ साली, त्या न्यासाला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. तरीही दात्याने आणि विश्वस्तांनी हात सोडला नाही आणि नौका आजही उभी आहे. याच फिशर दांपत्याने १९९० मध्ये लष्करी रुग्णालयांत उपचार घेणाऱ्या सैनिकांच्या कुटुंबीयांसाठी मोफत निवासगृहे बांधण्यास आरंभ केला. स्मृतीचे जतन आणि हयात सैनिकांचा सांभाळ ही एकाच ऋणाची दोन अंगे आहेत, हे इतक्या स्पष्टपणे कृतीत उतरविणारा दाता विरळाच.

‘इन्ट्रेपिड’चा १९८५ चा अनुभव या संपूर्ण व्यवस्थेतील मूळ दोषाकडे बोट दाखवितो. देणगीदाराला नवी इमारत, नवे दालन, कोनशिला आणि उद्घाटनाचा समारंभ यांचे आकर्षण स्वाभाविकपणे वाटते. परंतु उद्घाटन झाल्यानंतरच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पंचविसाव्या वर्षी अभिरक्षकाचा पगार, छपराची डागडुजी, विजेचे देयक आणि वाळवीचा बंदोबस्त यांसाठी पैसा देण्यास सहसा कोणी पुढे येत नाही. बहुतेक प्रतिष्ठाने विशिष्ट प्रकल्पासाठी, ठराविक मुदतीत आणि संस्थेने अन्य मार्गाने काही रक्कम जमविली असल्यासच अनुदान मंजूर करतात. ही अट संस्थेला शिस्त लावते हे खरे. पण जिच्यापाशी एकच अर्धवेळ अभिरक्षक आहे आणि बाकीची भिस्त वयोवृद्ध निवृत्त सैनिकांच्या स्वयंसेवेवर आहे, अशी छोटी संस्था या अटीमुळे आरंभालाच मागे पडते आणि ज्यांच्याकडे अर्ज लिहिणारा वेगळा विभाग आहे त्या मोठ्या संस्था पुढे जातात. त्यामुळे लहान पलटणीचे दप्तर विस्मृतीत जाते आणि राजधानीतील दालन मात्र दुसऱ्यांदा सजते. दानाच्या विनियोगात ही विषमता आहे, हे मान्य केल्याविना सुधारणेला वाट सापडणार नाही.

आता समाजाचा विचार करू. इंग्लंडच्या २०११ च्या धर्मादाय कायद्यात सशस्त्र दलांची कार्यक्षमता वाढविणे हा एक स्वतंत्र धर्मादाय हेतू मानला आहे, आणि शिक्षण तसेच वारसाजतन हे वेगळे हेतू म्हणून नोंदले आहेत. पलटणीची जुनी संग्रहालये पहिल्या हेतूने जन्मली. नव्या जवानाने आपल्या पूर्वसूरींची कामगिरी पाहून प्रेरणा घ्यावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. परंतु लॉटरीचे आणि प्रतिष्ठानांचे द्रव्य येऊ लागले तेव्हा दात्यांनी रास्तपणे विचारले की, ज्या नागरिकाच्या घरात कोणी सैन्यात नाही त्याला, शाळकरी मुलाला, परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबाला या संग्रहालयाचा उपयोग काय. या प्रश्नाने संग्रहालयांची दृष्टी पालटली. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त लॉटरीच्या वारसा निधीने २०१३ पासून ३,००० ते १०,००० पौंडांची छोटी अनुदाने गावोगावच्या मंडळांना दिली आणि त्या काळात एकंदर दोन हजारांहून अधिक प्रकल्प उभे राहिले. गावच्या स्मृतिस्तंभावरील नावांचा शोध मुलांनी घेतला; युद्धात लढलेल्या हिंदी शिपायांच्या इतिहासावरही ब्रिटनमधील पंजाबी समाजाच्या संस्थेने याच निधीच्या साहाय्याने मोठे कार्य केले. विंचेस्टर येथील गुरखा संग्रहालय आणि १९६९ साली स्थापन झालेला गुरखा कल्याण न्यास यांच्याकडे एकत्र पाहिले, तर इतिहासाचे जतन आणि नेपाळच्या डोंगराळ खेड्यांतील वृद्ध सैनिकांचे निवृत्तिजीवन या दोहोंची जबाबदारी धर्मादाय संस्था कशी उचलतात, याची कल्पना येते.

या चित्राची एक काळी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लष्करी संग्रहालयांतील कित्येक वस्तू लुटीच्या आहेत. इथिओपियाचा सम्राट तेवोद्रोस याने १८६८ साली मक्दला येथे पराभवानंतर मृत्यू पत्करला, त्याच्या केसांच्या बटा नॅशनल आर्मी म्युझियममध्ये होत्या. त्या २०१९ साली त्याच्या देशाला परत करण्यात आल्या. जो दाता संग्रहालयाला द्रव्य देतो तो त्या संग्रहाच्या नैतिक भारातही वाटेकरी होतो, म्हणून वस्तूंच्या पूर्वेतिहासाचे संशोधन करण्यासाठी अनुदान देणे हे आता प्रतिष्ठानांचे कर्तव्यच ठरते. त्याचप्रमाणे शस्त्रास्त्रांच्या उत्पादकांकडून आलेल्या देणगीने युद्धाचे वर्णन केवळ गौरवाचे होऊन त्यातील दुःख मागे पडणार नाही ना, याची दक्षता विश्वस्तांनी घेतली पाहिजे. दाता दालनाला नाव देऊ शकतो. दालनातील मजकूर मात्र इतिहासकाराच्याच अखत्यारीत राहिला पाहिजे.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राकडे वळले असता आपल्या परंपरेत या विचाराचे बीज नव्हते, असे म्हणता येत नाही. पेशवाईच्या दप्तरात लढाईत पडलेल्या शिपायांच्या मुलाबाळांना बालपरवेशी म्हणून दिलेल्या नेमणुकांच्या नोंदी आढळतात. वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने मराठ्यांच्या इतिहासाचे कागद लोकाश्रयावर जमविले, राखले आणि प्रसिद्ध केले. मुंबईच्या तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाची इमारत तर पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरात होती आणि पुढे तिच्यातील कलासंग्रह टाटा कुटुंबाच्या देणग्यांनी समृद्ध झाला. अहिल्यानगर येथे चिलखती दलाने १९९४ साली सुरू केलेले रणगाडा संग्रहालय आजही हजारो प्रेक्षकांना आकर्षित करते. म्हणजे इतिहासप्रेम, दानत आणि लष्करी परंपरा ही तिन्ही येथे विद्यमान आहेत. उणीव आहे ती या तिहींना जोडणाऱ्या संस्थेची.

ही उणीव किती महागात पडते हे ‘विक्रांत’ने दाखवून दिले. १९५७ साली भारताने विकत घेतलेली, १९६१ साली नौदलात दाखल झालेली आणि १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात निर्णायक कामगिरी बजावलेली ही आपली पहिली विमानवाहू नौका १९९७ साली निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहावयास मिळाली. २०१२ साली सुरक्षिततेच्या कारणास्तव तिचे दरवाजे बंद झाले. कायमस्वरूपी संग्रहालयाची योजना आर्थिकदृष्ट्या परवडणारी नाही, असा निष्कर्ष निघाला. सुमारे ६० कोटी रुपयांना तिची विक्री झाली आणि २०१४ च्या अखेरीस ती मुंबईतच तोडण्यास आरंभ झाला. तिच्या पाठोपाठ ‘विराट’ २०१७ साली निवृत्त झाली. तिच्यासाठी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ साली ८५२ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली होती. तरीही २०२० साली ती अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेली. याउलट विशाखापट्टणम येथे ‘कुरसुरा’ ही पाणबुडी २००२ सालापासून तेथील नगरविकास प्राधिकरणाने संग्रहालय म्हणून चालविली आहे. पाणबुडीहून विमानवाहू नौकेचा खर्च शतपटीने मोठा, हे मान्य. पण कुरसुरेच्या मागे एक उत्तरदायी संस्था पहिल्या दिवसापासून होती आणि आपल्या दोन्ही नौकांच्या मागे केवळ प्रस्ताव होते, हा भेद नजरेआड करता येत नाही.

द्रव्याचा अभाव हे कारण पुढे करणेही आता शक्य नाही. ज्या २०१४ साली ‘विक्रांत’ तोडण्यास आरंभ झाला, त्याच वर्षाच्या १ एप्रिलपासून कंपनी कायद्याचे कलम १३५ अंमलात आले. विशिष्ट मर्यादेहून मोठ्या कंपन्यांनी आपल्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे ते सांगते. आणि त्याच्या सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारशाचे संरक्षण तसेच माजी सैनिक, वीरपत्नी व त्यांचे अवलंबित यांचे कल्याण, या दोन्ही बाबी लागोपाठ नमूद आहेत. १९९६ साली स्थापन झालेला राष्ट्रीय संस्कृती निधी करसवलतीसह देणग्या स्वीकारतो. सार्वजनिक न्यासांच्या नोंदणीसाठी १९५० चा कायदा आणि धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आपल्याकडे आहेच. मोठ्या उद्योगांची मुख्यालयेही मुंबई-पुण्यात आहेत. द्रव्य आहे, कायदा आहे. ते द्रव्य विश्वासाने ज्यांच्या ओटीत घालावे अशा, चोख हिशेब आणि परिपूर्ण सूची असलेल्या संस्था मात्र तुरळक आहेत.

शिवाय आपला सैनिकी वारसा केवळ छावण्यांत आणि गोदीत नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले. कोरेगाव भीमा येथील स्तंभाचे चिन्ह एके काळी महार रेजिमेंटने आपल्या बोधचिन्हात धारण केले होते. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी त्या स्थळी भेट दिली आणि ते स्थळ लष्करी स्मारकाच्या पलीकडे जाऊन एका समाजाच्या आत्मसन्मानाचे स्थान झाले. अशा गावांत घराघरांत ट्रंकांमध्ये पडलेली पदके, सेवापुस्तके, आघाडीवरून आलेली कार्डे आणि छायाचित्रे यांची सूची करण्याचे काम कोट्यवधींच्या इमारतीहून कमी मोलाचे नाही, आणि ते अल्प अनुदानात होण्यासारखे आहे. ज्यांच्या पूर्वजांनी रक्त सांडले त्यांना संग्रहालयाचे प्रेक्षक न मानता त्याचे विश्वस्त मानले पाहिजे.

सारांश असा की, ज्या ज्या ठिकाणी सैनिकी वारसा टिकला तेथे बहुधा सरकारने मालकीचा हट्ट सोडून तो स्वतंत्र विश्वस्तांच्या स्वाधीन केला, दात्याने इमारतीइतकाच देखभालीचा भार उचलला आणि सैनिकांच्या समाजाला कारभारात स्थान मिळाले. यांपैकी एकाचाही अभाव झाला तेथे अनेकदा संग्रह विखुरले किंवा नौका भंगारात गेल्या. महाराष्ट्रातील उद्योगसमूहांनी, निवृत्त सेनाधिकाऱ्यांनी आणि इतिहास-संशोधकांनी एकत्र येऊन ओगिल्बी न्यासाच्या धर्तीवर एक राज्यव्यापी न्यास स्थापन करावा. त्याने इमारती बांधण्याच्या भरीस न पडता पहिली दहा वर्षे केवळ सूची, जतन, अभिरक्षकांचे प्रशिक्षण आणि सैनिकांच्या गावांतील कागदपत्रांची नोंद यांवर द्रव्य वेचावे, आणि दरवर्षी आपला जमाखर्च जनतेपुढे मांडावा, अशी या लेखकाची आग्रहाची विनंती आहे. आणि ज्या वाचकाच्या घरी आजोबा-पणजोबांचे पदक वा सेवापुस्तक असेल त्याने न्यास स्थापन होण्याची वाट न पाहता त्यावरील नाव, क्रमांक, पलटण आणि घरात ऐकलेली हकीकत आजच एका वहीत उतरवून ठेवावी.